बर्फात आखलेली वस्ती

कॅनडातल्या पोर्ट केल्सोत हेल्वी कांगसचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, चेहरा मात्र थोड्यांनीच नीट पाहिला होता. हिवाळाभर माणसं कामाला निघायच्या आत गावातले रस्ते मोकळे झालेले असायचे, आणि ते मोकळे करणाऱ्या नारंगी ट्रकच्या काचेमागे लोकरीची टोपी कानांवर ओढलेली, आडव्या बांध्याची एक बाई दिसायची. बहुतेकांची तिच्याशी ओळख एवढीच. ट्रकच्या पुढे माणसाच्या छातीला लागेल एवढं लोखंडी पातं असे. ते पातं कुणाच्या फाटकाला, टपालपेटीला किंवा गाडीच्या आरशाला न लावता ती बर्फ बाजूला सारत जायची. नगरपालिकेच्या गराजात ती लागली तेव्हा तिथे बाईमाणसासाठी संडाससुद्धा नव्हता. मुकादमाने तोंडावर सांगितलं होतं, की हे काम तुझ्याने व्हायचं नाही, पहिल्या वादळातच घरी पळशील. हेल्वी वाद घालत बसली नाही. तिने तिथे तीस हिवाळे काढले, आणि मुकादमाच्या निरोपाच्या दिवशी केक कापायला त्याने तिलाच पुढे बोलावलं.

रस्त्यावरचा उचललेला बर्फ कुठेतरी नेऊन टाकावा लागतो. पोर्ट केल्सोत तो सपाटीवर जायचा. मुख्य बाजारपेठ जिथे संपते तिथे तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे सपाटी, आणि सपाटीच्या पुढे सुपीरियर सरोवराचं अफाट पाणी. एके काळी तिथे कोळशाचे धक्के होते, रेल्वेचे रूळ होते. हेल्वीचे वडील फिनलंडहून आले ते थेट त्या धक्क्यावरच कोळसा उपसायला लागले. पुढे धक्के बंद पडले, रूळ उपटून नेले, आणि भर गावात, पाण्याच्या अगदी तोंडाशी, एवढी मोठी जमीन तशीच पडून राहिली. उन्हाळ्यात कमरेएवढं गवत, हिवाळ्यात गावाचा मळका बर्फ. गावाला पाणी दिसायचं, पण पाण्यापाशी जायची सोय नव्हती.

दर आठ-दहा वर्षांनी कुणीतरी तिथे नवी वस्ती बसवायची योजना घेऊन यायचं. नगरपालिकेच्या दालनात काचेची पेटी मांडली जायची. तिच्यात पुठ्ठ्याचे मनोरे, नखाएवढ्या मोटारी, स्पंजची झाडं. मग निवडणूक व्हायची, किंवा बाजार पडायचा, आणि पेटी तळघरात जायची. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. गावात त्याची म्हणच होऊन बसली होती. कुणी दारू सोडतो म्हणाला, की ऐकणारा मान हलवून म्हणे, "हो हो, सपाटीवर घरं झाली की."

हेल्वी निवृत्त झाली त्याच वर्षी नगरपालिकेने पुन्हा एकदा कंबर कसली. या खेपेला तऱ्हा वेगळी होती. बाहेरची बडी कंपनी बोलवायची नाही. गावातल्याच काही माणसांची चिठ्ठ्या टाकून निवड करायची, त्यांनी वर्षभर बसून वस्ती कशी असावी ते ठरवायचं, आणि नियोजन खात्याने ते कागदावर उतरवायचं. चिठ्ठीत हेल्वीचं नाव निघालं. फोन आला तेव्हा ती पुल्लाचं, म्हणजे वेलची घातलेल्या गोड पावाचं पीठ मळत होती. हात बरबटलेले, म्हणून तिचा थोरला भाऊ रेइनो तिच्या कानाला फोन धरून उभा राहिला, आणि अर्थातच त्याने सगळं ऐकलं.

दोघं भावंडं बिनलग्नाची, टेकडीवरच्या आईबापांच्या घरात राहणारी. रेइनोने धान्याच्या कोठारांत उमर घालवली होती, आणि कुठल्याही नव्या गोष्टीला नाक मुरडणं हा त्याचा निवृत्तीनंतरचा उद्योग होता.

"जा की," तो म्हणाला. "फुकटची कॉफी मिळेल. आणि मी मेल्यावर तुला तिथे पाण्याकाठी घर मिळेल."

"तू मेल्यावर मला हेच घर चालेल," हेल्वी पीठ आपटत म्हणाली. "निदान शांत तरी असेल."

ती गेली ती खरं तर कॉफीसाठीच. वाचनालयाच्या माडीवर बैठक भरायची. नियोजन खात्याकडून मिरेय शार्बोनो नावाची तिशीतली बाई यायची. ती सडबरीकडची, फ्रेंच घरातली. बोलताना तिचे हात असे फिरायचे, की शेजारच्याने आपला कप आधीच सरकवून ठेवावा. पहिल्या बैठकीत तिने नकाशा भिंतीवर लावला आणि गावाच्या मध्यावरची ही रिकामी जमीन, अशी सुरुवात केली. तेव्हा कोपऱ्यातून व्हर्ना मिचानो बोलली. व्हर्ना नदीपलीकडच्या अनिशिनाबे, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीची, त्यांच्या पंचायतीने पाठवलेली. रेल्वे आली तेव्हा तिच्या पणजोबांची घरं याच जमिनीवरून उठवली होती.

"रिकामी नव्हती," ती म्हणाली. "रिकामी केली."

मिरेयने नकाशावर लिहिलेला ‘रिकामी’ हा शब्द खोडला आणि त्या जागी काहीच लिहिलं नाही. हेल्वीला ते आवडलं. चूक झाल्यावर सारवासारव न करणारी माणसं तिने गराजात फार थोडी पाहिली होती.

तरी पहिल्या दोन बैठका ती हाताची घडी घालून बसली. तिसऱ्या बैठकीत मिरेयने जुन्या धक्क्यांचा नकाशा टेबलावर पसरला आणि प्रत्येकाला एक पट्टी दिली. हेल्वीने वडिलांचा धक्का शोधला. सापडल्यावर सहज बाजारपेठेपासून पाण्यापर्यंत पट्टी लावली, आणि तिचा विश्वास बसेना. पुन्हा लावली. तिच्या घरापासून पावाच्या दुकानापर्यंत जेवढं अंतर, त्याहून हे कमी होतं. जन्मभर ती समजत होती की पाणी लांब आहे. कुंपणानेच ते लांब नेऊन ठेवलं होतं.

त्या दिवसापासून तिला वेडच लागलं. ती नकाशे घरी आणायची आणि जेवणाच्या टेबलावर अंथरायची; रेइनोला सुपाचा वाडगा मांडीवर घेऊन जेवावं लागे. शाळा कुठे, दुकानं कुठे, सकाळचं ऊन कुठल्या खिडकीत येईल, यावर ती त्याच्याशी आपण होऊन बोलायची आणि तो उत्तर देत नसे तेव्हा त्याच्या बाजूनेही तीच बोलायची. हळूहळू त्या माडीवर एक वस्ती उभी राहत गेली. मनोरे नाहीत, तीन-चार मजली घरं, खाली दुकानं. घरांपैकी बरीचशी गावातल्या साध्या माणसाला परवडतील अशा भाड्याची. काठाचा पट्टा सबंध मोकळा, कुणाच्याही बापाचा नाही. काठावर सगळ्यांसाठी एक सौना, म्हणजे फिनिश लोकांची वाफेची न्हाणी, कारण तिच्यावाचून वस्ती म्हणजे नुसती गोदामं, असं हेल्वीने बजावून सांगितलं. आणि नदीच्या मुखाशी व्हर्नाच्या लोकांना होड्या लावायला, मासे भाजायला, जमायला त्यांची स्वतःची जागा.

अडलं ते रस्त्यांवर.

हेल्वीला रस्ते रुंद हवे होते. "आणि बर्फ कुठे टाकणार? खिशात?" ती विचारायची. ट्रक वळला पाहिजे, दोन्ही बाजूंना ढीग राहिले पाहिजेत. अरुंद रस्ता म्हणजे जानेवारीत बंद रस्ता. मिरेयचं म्हणणं उलट होतं. रस्ते अरुंद हवेत, आणि थोडे वाकडे, म्हणजे पाण्यावरून येणारा वारा घरांमध्ये अडेल. नाहीतर हिवाळ्यात या वस्तीत कुणी दाराबाहेर पाऊल टाकणार नाही. तिने आकडे दाखवले, रंगीत चित्रं दाखवली. हेल्वी म्हणाली, की आकड्यांना थंडी वाजत नाही.

"हेल्वी, रस्त्यावर माणसं चालतात," मिरेय म्हणाली. "तुम्ही प्रत्येक रस्त्याकडे ट्रकमधूनच का बघता?"

"कारण तो मी साफ केल्याशिवाय तुझी माणसं त्यावर चालू शकत नाहीत, पोरी."

मंडळी दुभंगली. दोघी काही दिवस एकमेकींशी कामापुरतं बोलत होत्या, तेही तिसऱ्याकडे बघून. शेवटी दोन्ही गोष्टी आराखड्यात घातल्या: एका अंगाला अरुंद, वाकडे रस्ते, दुसऱ्या अंगाला पाण्यापर्यंत सरळ जाणारा एक रुंद रस्ता. यातलं काय ठेवायचं ते गावाने जाहीर सभेत सांगावं.

आणि सभेला गाव आलंच नाही. शाळेच्या मोठ्या सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या, हेल्वीने तीन पराती भरून पुल्ला केला होता, आणि समोर बसलेल्यांत निम्मे या मंडळींचे नातेवाईक होते. नगरसेवक ट्रेव्हर हॅडफील्ड शेवटी उभा राहिला. माणूस वाईट नव्हता. तरुणपणी काचेच्या दोन पेट्यांसाठी त्याने स्वतः धावपळ केली होती आणि दोन्ही तळघरात जाताना पाहिल्या होत्या. त्याने सांगितलं, की एक मालवाहतूक कंपनी ट्रक उभे करायला जागा शोधते आहे, सपाटी तिला चालेल, आणि मार्चमध्ये नगरपालिकेला काय तो निकाल लावावाच लागेल.

"गावाला हे नको आहे असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "गावाला काही पडलेलं नाही, एवढंच म्हणतो." आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघून खाली बसला.

हेल्वीला ते तोंडात मारल्यासारखं लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. ती स्वतः निवृत्त झाली नसती, चिठ्ठी निघाली नसती, तर तीही सभेला आली नसती.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला ती घुम्यासारखी बसली होती. रेइनोला तिला असं पाहायची सवय नव्हती. त्याला बरं वाटेना, आणि बरं वाटेनासं झालं की तो टोमणे मारायचा.

"लोकांचं काय चुकलं?" तो म्हणाला. "कागदावरच्या रस्त्याला रस्ता म्हणतात का? ज्याच्यावरचा बर्फ कुणी काढत नाही, तो रस्ताच नव्हे. तूच सांगायचीस ना हे?"

हेल्वीचा चमचा वाटीतच राहिला. तिने भावाकडे इतकं टक लावून पाहिलं, की त्याला वाटलं आपल्या दाढीला लापशी लागली आहे. ती उठली, टोपी घातली, आणि तडक नगरपालिकेत मिरेयच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. कुशलप्रश्न वगैरे काही नाही.

"सगळे रस्ते सपाटीवर बर्फात काढू," ती म्हणाली. "पात्याने. जसे आहेत तसे. तुझेही आणि माझेही. लोकांना कागद वाचायला बोलावलं तर येत नाहीत. चालायला बोलावू."

मिरेयचे हात पहिल्यांदाच थांबले. "खऱ्या मापाचे?"

"मग काय, बाहुल्यांच्या मापाचे?"

परवानगीसाठी मिरेय आपल्या साहेबांशी कितीदा भांडली ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. विमा कुणाचा, पडलं-झडलं तर कोण, असे सतरा प्रश्न निघाले. गराजचा आताचा प्रमुख गिलिस, हेल्वीच्या हाताखाली काम शिकलेला, त्यानेही मान हलवली. अस्तित्वात नसलेल्या रस्त्यावर सरकारी ट्रक पाठवल्याचं वर काय सांगू, असं म्हणाला. हेल्वीने त्याला दोष दिला नाही. दुकानांच्या आवारातला बर्फ काढणाऱ्या एका ठेकेदाराचा जुना ट्रक तिने मागून घेतला, आणि फेब्रुवारीत, चांगला दाट बर्फ पडून गेल्यावर, एका शनिवारी सकाळी ती सपाटीवर पोचली. वाटलं होतं, एकटीनेच करावं लागेल.

कुंपणाचं फाटक उघडं होतं. आत गिलिस आपल्या घरच्या गाडीला पातं लावून उभा होता. त्याच्यामागे गराजातली आणखी पाच-सहा माणसं, आपापल्या गाड्या घेऊन.

"सरकारी डिझेल नाही हे," गिलिस म्हणाला. "कुठून सुरू करायचं, बाई, ते सांग."

मिरेय मोजणीच्या दुर्बिणीतून मापं घेत पुढे, तिच्यामागून व्हर्ना आणि तिचे भाचे देवदाराच्या फांद्या बर्फात खोचत. गोठलेल्या सरोवरावरून गाड्यांची वाट आखायची ती हीच रीत. फांद्यांच्या रांगांमधून पाती चालू लागली. हेल्वीने आयुष्यभर गावातून बर्फ उचलून या जमिनीवर आणून ओतला होता. आज पहिल्यांदा ती इथला बर्फ बाजूला करत होती. पात्याखाली जमीन वाजायची तो आवाज तिला अंगभर कळत होता. मिरेयचे अरुंद रस्ते काढायला कठीण गेले, हेल्वी दोनदा अडकली आणि फ्रेंच येत नसतानाही फ्रेंचमध्ये शिव्या पुटपुटली, असं मिरेय नंतर सांगायची. घरांच्या जागी त्यांनी बर्फाचे ढीग चांगले पुरुषभर उंचीचे केले, वर बांबू लावून जुन्या चादरी ताणल्या, म्हणजे भिंतीचा भास व्हावा. चौक मोकळा केला. आणि त्याच संध्याकाळी हेल्वीने आपला रुंद रस्ता काढला, एका दमात, बाजारपेठेपासून थेट पाण्यापर्यंत, सुतासारखा सरळ. त्याच्याकडे बघून तिची छाती भरून आली.

रविवारी आधी आले ते कुत्री फिरवणारे. मग चर्च सुटल्यावर थोडी माणसं कुंपणापाशी थबकली, चौकशी करून आत शिरली. त्यांनी फोन केले असणार, कारण दुपारपर्यंत बाजारपेठेत गाडी लावायला जागा उरली नाही. माणसं येतच राहिली. ती नुसती फिरत नव्हती. तिथे राहू लागली होती. एक नवरा-बायको एका ढिगापुढे उभी राहून भांडत होती, की स्वयंपाकघर रस्त्याकडे की पाण्याकडे. मासळीवाल्याने कोपऱ्यावरची जागा बघून सांगून टाकलं, की दुकान इथेच लागेल, आणि मुलांना कुणी काही न सांगताच त्यांनी शाळेच्या आवारात घसरगुंडी केली होती. नदीच्या मुखाशी व्हर्नाच्या लोकांनी जाळ केला होता, मासे भाजत होते. व्हर्नाची म्हातारी मावशी खुर्ची टाकून पाण्याकडे तोंड करून बसली होती, आणि तिच्यापाशी जाऊन बोलायला लोक रांगेत थांबले होते.

रेइनो आला तो हात खिशात घालून, कोपऱ्यातून गंमत बघायला. तासाभराने हेल्वीला तो चौकात दिसला. चार अनोळखी माणसांना तो हातवारे करून समजावत होता, की लोखंडी सामानाचं दुकान त्या बाजूला नको, या बाजूला हवं, तिकडे सामान उतरवताना सगळ्यांचा खोळंबा होईल. बहिणीला बघून तो गडबडला.

"हे लोक चुकीचं सांगत होते," तो म्हणाला. "म्हणून बोललो."

मग वारा सुटला. पाण्यावरून, बर्फाचे कण उडवत, सुपीरियरचा तो वारा, ज्याने डोळ्यांतलं पाणी गालावरच गोठतं. हेल्वी तेव्हा आपल्या रुंद रस्त्याच्या मध्यावर उभी होती. वारा त्या सरळ रस्त्यात पाण्यापासून शिरला आणि अडवायला काहीच नसल्यामुळे सुसाट वर आला. तिच्या आसपासची माणसं माना खाली घालून चालू लागली. मुलांना आया पोटाशी धरून घेऊन गेल्या. पाहता पाहता तो रस्ता रिकामा झाला, आणि त्यावर हेल्वी एकटी उरली. आधी तिला वाटलं, संपलं, गाव घरी गेलं. पण बाजारपेठेकडे कुणीच जात नव्हतं. ती चादरींच्या भिंतींमागे गेली तर काय, सगळं गाव मिरेयच्या वाकड्या रस्त्यांत जमलं होतं. तिथे वारा डोक्यावरून जात होता. माणसं कॉफीचे पेले हातात घेऊन गप्पा मारत होती, टोप्या मागे सारून.

वर्षभराची भांडणं हेल्वीला आठवली, आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत मुकाट्याने बाजूला व्हावं असाही विचार आला. पण समोर हॅडफील्ड होता, गिलिस होता, मिरेय होती, आणि मिरेय तिच्याकडे बघत होती, काही न बोलता. ती बोलली असती तर हेल्वीने कदाचित वादच घातला असता.

"माझा रस्ता चुकला," हेल्वी मोठ्याने म्हणाली. आजूबाजूचे लोक वळले. "मी ट्रकमध्ये बसून विचार करत होते. ट्रकमध्ये हीटर असतो." ती मिरेयकडे वळली. "तो बुजवायचा का?"

"बुजवू नका," मिरेय म्हणाली. "अर्धा करा. आणि मध्ये वाकवा. पण बर्फ टाकायला कोपऱ्या-कोपऱ्यावर जागा सोडू, तेवढं तुमचं बरोबर होतं."

हेल्वी ट्रकवर चढली. सगळ्या गावादेखत तिने पातं खाली सोडलं आणि आदल्या संध्याकाळी अभिमानाने काढलेल्या आपल्या रस्त्यावर स्वतःच बर्फ लोटायला लागली. मिरेय पुढे उलटी चालत, हातांनी खुणा करत, आणि तेव्हा त्या हातांचा पहिल्यांदा खरा उपयोग झाला. रस्ता निम्मा झाला, चौकापाशी वाकला. वारा तिथे आला, आणि वळणावर ढिगाला आपटून मोडला. लोकांना ते अंगाला कळलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग हातमोज्यांतल्या टाळ्यांचा तो दबका, जड आवाज सगळ्या सपाटीवर पसरला. टेकडीवरच्या माणसांचं म्हणणं असं, की त्यांचा विश्वास बसला तो तेव्हा. चाळीस वर्षांत आराखडेवाले पुष्कळ आले, पण गावासमोर आपली चूक मोडून दाखवणारं कुणी आलं नव्हतं.

मार्चच्या सभेला नगरपालिकेला दारं उघडी ठेवावी लागली, कारण माणसं जिन्यापर्यंत उभी होती. बोलणाऱ्यांची यादी इतकी लांबली, की हॅडफील्डने मध्येच कॉफीची सुट्टी जाहीर केली. हेल्वी बोलायला उभी राहिली तेव्हा लिहून आणलेलं काही तिच्याजवळ नव्हतं. तिने एवढंच सांगितलं, की बर्फ महिन्याभरात वितळेल, रस्ते जातील, पण लोकांनी आपापली घरं बघून ठेवली आहेत. आता त्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मग मतं झाली. विरोधात दोनच हात वर आले, आणि त्यांत हॅडफील्डचा नव्हता. त्याने हात वर केला तो बाजूने, आणि वर केल्यावर बराच वेळ खाली घेतला नाही. मतं मोजून झाली तरी.

व्हर्ना हेल्वीच्या शेजारी बसली होती. "आता कामाला सुरुवात," ती म्हणाली. "आमच्या जागेचा करार मी ओळ न् ओळ वाचणार आहे."

"मीही वाचीन तुझ्याबरोबर," हेल्वी म्हणाली.

"तुला कंटाळा येईल."

"मी बर्फ काढण्यात जन्म काढलाय, व्हर्ना. मला कंटाळ्याचं सांगू नकोस."

घरं उभी राहायला वर्षं लागली. मधे एकदा पैसे अडले, एकदा कंत्राटदार पळाला, जमिनीखाली जुना कोळसा निघाला तो उपसण्यात एक सबंध उन्हाळा गेला. पण पेटी तळघरात गेली नाही. पेटी केलीच नव्हती. प्रत्येक हिवाळ्यात, राहिलेल्या भागातले रस्ते गराजातली माणसं रविवारी बर्फात काढत राहिली, आणि लोक त्यांवरून चालत राहिले, म्हणजे कुणाला विसरायला संधीच मिळाली नाही. नगरपालिकेने त्या वस्तीसाठी अरुंद पात्याची दोन छोटी यंत्रं घेतली. हेल्वीने ती चालवून पाहिली आणि खेळणी आहेत असं म्हणत दुपारभर चालवत बसली. नदीच्या मुखाशी व्हर्नाच्या लोकांचा धक्का झाला. सौना सुरू झाला त्या दिवशी रेइनो पहाटेच दारात जाऊन बसला होता आणि आत पहिला गेला; बाहेर आल्यावर वाफ कमी पडते म्हणून त्याने तक्रार नोंदवली. तक्रार रास्त होती.

टेकडीवरचं घर विकून भावंडं खाली राहायला आली, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन शेजारशेजारच्या बिऱ्हाडांत. एकाच बिऱ्हाडात नको, याबद्दल दोघांचं प्रथमच एकमत झालं होतं. सप्टेंबरातल्या एका सकाळी हेल्वी खिडकीत कॉफी घेऊन बसली होती. वळणावरून पाण्याची एक निळी फाक दिसत होती, मासळीवाला दुकानाची फळी धूत होता. तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. सामानाची एक गाडी वळणावर अडकली होती, आणि एक नवा भाडेकरू, पंजाबी तरुण, भला थोरला सोफा एका टोकाने धरून उभा होता. गाडीला पुढे जाता येईना, मागे येता येईना. त्याची बायको दारातून सूचना देत होती आणि तो घामाघूम होऊन, समोर दिसेल त्याला विचारत होता, की हा रस्ता इतका अरुंद कुठल्या शहाण्याने ठेवला.

हेल्वीने कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेली.

"मी," ती म्हणाली. "आणि ही माझी मैत्रीण, ती येतेय बघ सायकलवरून, ती. पण आधी ते टोक वर उचल, भाऊ, पायावर पडेल."

मिरेयने सायकल भिंतीला टेकवली आणि न विचारता मधली बाजू धरली. वरच्या खिडकीतून रेइनो सांगू लागला, की सोफा आडवा करा, असा जाणार नाही. कुणी त्याचं ऐकलं नाही. सोफा उभाच आत गेला.